घरापासून दूर चांगला एम्पानाडा कसा शोधायचा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नोकरी-शिक्षणाच्या निमित्ताने अर्जेंटिना, चिली, कोलंबिया इथे राहून आलेली मराठी मंडळी आता बरीच आहेत. तिथून निघाल्यावर एम्पानाड्याची आठवण पाठ सोडत नाही. मी काही वर्षं ब्वेनोस आयरेसमध्ये होते आणि आता न्यू जर्सीत राहते, त्यामुळे ओळखीपाळखीतून तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. त्यांची उत्तरं इथे एका जागी लिहून ठेवते आहे.

एम्पानाडा म्हणजे नेमकं काय?

पारी लाटायची, सारण भरायचं, अर्धगोल मिटायची आणि कड मुरडायची. ज्यांनी करंज्या केल्या आहेत त्यांच्या हातांना हे सगळं ओळखीचं आहे. फरक सारणात. एम्पानाड्याचं सारण बहुतेक वेळा तिखट-मिठाचं आणि ओलं असतं, आणि त्यात मांस व कांदा हे मुख्य. पारी कुठे मैद्याची, कुठे मक्याची, कुठे कच्च्या केळ्याची. कुठे भट्टीत भाजतात, कुठे तळतात. मूळ स्पेनचं. तिथल्या गालिसिया प्रांतात आजही ताटाएवढा मोठा एम्पानाडा करतात आणि तुकडे कापून वाढतात. आत ट्यूना, सार्डिन नाहीतर शिंपल्या.

मी तिकडे खाल्ला होता तसा इथे का मिळत नाही? पाटी तर तीच आहे.

पाटीवर नुसतं "एम्पानाडा" लिहिलेलं असतं, आणि त्यावरून काहीच कळत नाही. तुम्ही अर्जेंटिनातल्या साल्ता प्रांतात खाल्लेला बटाट्याचा छोटा भाजका एम्पानाडा मनात धरून व्हेनेझुएलाच्या दुकानात गेलात, तर समोर मक्याचा तळलेला येणार. तो उत्तमच असेल, पण तुम्हाला हवा होता तो नव्हे. मग माणूस "इथे चांगला मिळत नाही" म्हणून मोकळा होतो, आणि चांगल्या दुकानावर उगाच अन्याय होतो.

म्हणून शोध सुरू करतानाच देश आणि जमलं तर प्रांत पक्का करा. दुकानात पहिला प्रश्न विचारायचा तो हा: "दे के पार्ते सोन?" म्हणजे हे कुठल्या भागाचे? करणारी बाई किंवा बुवा लगेच गावाचं नाव सांगतात, बऱ्याचदा चेहरा उजळतो, आणि पुढची दहा मिनिटं तुम्हाला फुकट शिकवणी मिळते. "आमच्याकडे सगळीकडचे आहेत" असं उत्तर आलं, तर मी जरा सावध होते.

अर्जेंटिनातले प्रकार एकमेकांपासून ओळखायचे कसे?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो आणि याचं उत्तर लांबणार, कारण तिथे प्रांत बदलला की सारण बदलतं आणि त्यावरून माणसं मनापासून भांडतात.

उत्तरेकडच्या साल्त्यापासून सुरुवात करू. तिथला एम्पानाडा आकाराने लहान, मातीच्या भट्टीत भाजलेला. मांस यंत्रातून काढलेलं नसतं, सुरीने बारीक कापलेलं असतं. सोबत उकडलेल्या बटाट्याचे चौकोनी तुकडे, कांद्याची पात, उकडलेलं अंडं, जिरं, लाल पाप्रिका आणि भरडलेली सुकी मिरची. ऑलिव्ह आणि बेदाणे साल्तेकर आत येऊ देत नाहीत.

शेजारच्या तुकुमानमध्ये बटाट्याचं नाव काढू नका. तुकुमानकरांच्या मते बटाटा म्हणजे मांस वाचवायची युक्ती. तिथे "मातांब्रे" नावाचा, बरगड्यांवरचा पातळ मांसाचा पट्टा वापरतात. तो हळू शिजवून सुरीने बारीक करतात, आणि शिजवलेल्या पाण्यातलं थोडं सारणात परत घालतात. त्यामुळे सारण इतकं रसाळ होतं की खाताना पाय फाकवून पुढे वाकून उभं राहायची तिथली रीत आहे, नाहीतर रस कपड्यांवर. मांसाशिवाय कोंबडीचे आणि वजडीचेही करतात. वर लिंबू पिळायचं. याच प्रांतातल्या फामाया गावात दरवर्षी राष्ट्रीय एम्पानाडा उत्सव भरतो. पारंपरिक तुकुमानी एम्पानाड्याच्या कडेला १३ मुरडी हव्यात असं तिथे मानतात.

साल्ता बरं की तुकुमान, हा वाद मिटणारा नाही. माझं मत विचाराल तर रसासाठी तुकुमान, पण रोज खायचा झाला तर साल्ता. बटाटा तिखट आणि चरबी दोन्ही शोषून घेतो आणि चावायला काहीतरी राहतं.

पश्चिमेला, अँडीजच्या पायथ्याशी मेंदोसा. तिथे कांदा मांसाच्या बरोबरीने पडतो, शिवाय ऑलिव्ह, अंडं आणि ओरेगानो. कोर्दोब्याचा गोडसर असतो. सारणात बेदाणे आणि वरून साखर भुरभुरलेली. पहिल्यांदा खाताना मराठी जिभेला चुकल्यासारखं होतं, पण गोड-तिखट एकत्र आवडणाऱ्यांना तो पटतो. दक्षिणेत पाटागोनियात कोकराचं मांस. पाराना नदीच्या काठच्या प्रांतांत नदीचे मासे.

राजधानीत हे सगळं एकत्र येतं आणि त्यात इटालियन हात मिसळतो. ब्वेनोस आयरेसच्या पिझ्झाच्या दुकानांत हॅम-चीज, कांदा-चीज, मका, पालकासारखी पालेभाजी असे प्रकार असतात आणि डझनावर मागवले जातात. सीरिया-लेबनॉनमधून आलेल्या लोकांनी रुजवलेला त्रिकोणी "अरबी" एम्पानाडाही तिथेच खावा. वरून थोडा उघडा, आत लिंबाचा आंबटपणा.

डझनभर मागवले. कुठल्यात काय आहे ते फोडल्याशिवाय कसं कळणार?

मुरडीवरून. स्पॅनिशमध्ये तिला रेपुल्गे म्हणतात. अर्जेंटिनातल्या दुकानांत प्रत्येक सारणाची मुरड वेगळी ठेवतात. मांसाच्याला दोरीसारखा पीळ, चीजच्याला दोन्ही टोकं जोडून गोल टोपी, एखाद्याला काट्याने दाबलेल्या रेघा. डब्यात एक छापील कागद येतो आणि त्यावर कोणती मुरड कशाची त्याची चित्रं असतात. दुकानागणिक पद्धत बदलते, म्हणून तो कागद फेकू नका. काही दुकानं पारीवर अक्षरच दाबतात. मुरड हातानेच घातलेली असेल तर प्रत्येक नग किंचित वेगळा दिसतो. एकाच साच्यातून काढल्यासारखे सगळे सारखे दिसले तर ते यंत्राचे.

चिलीचा एम्पानाडा वेगळा कसा?

मोठा, जड, आणि अर्धगोल नसून कडा घडी घालून चौकोनी पाकिटासारखा केलेला. सारणाला "पीनो" म्हणतात: भरपूर कांदा, मांस, पाप्रिका, जिरं. प्रत्येकात उकडलेल्या अंड्याची फोड, बेदाणे आणि एक अख्खं काळं ऑलिव्ह. ऑलिव्हमध्ये बी असते. पाहुण्यांना आधी सांगून ठेवा, दात जपायला हवेत.

पीनो आदल्या दिवशी करून ठेवतात आणि गार झाल्यावर भरतात. कांदा शिजून गोड होतो आणि रात्रभरात मसाला मुरतो. १८ सप्टेंबर हा चिलीचा राष्ट्रीय सण. १८१० साली त्या दिवशी पहिलं स्थानिक शासनमंडळ बसलं. त्या आठवड्यात पीनोच्या एम्पानाड्याशिवाय घर सापडत नाही. चीजचा आणि शिंपल्या-कोळंबीचा मात्र तिथे तळतात. समुद्रकाठी तो खाल्ला नसेल तर पुढच्या वेळी जरूर खा.

परदेशातल्या चिली लोकांसाठीही सप्टेंबर महत्त्वाचा. १९७३ च्या लष्करी उठावानंतर हजारो लोक देश सोडून गेले आणि स्वीडनसारख्या दूरच्या देशांत वसले. एरवी दुकानात न मिळणारा घरचा एम्पानाडा त्यांच्या मंडळांच्या सप्टेंबरमधल्या मेळाव्यांत मिळतो.

साल्तेन्या मागवला तर रस्साच सांडला. मला साल्त्याचा हवा होता.

हा घोळ नेहमीचा. अर्जेंटिनात "एम्पानाडा साल्तेन्या" म्हणजे साल्त्याचा, वर सांगितलेला. बोलिव्हियात नुसतं "साल्तेन्या" म्हटलं की तिथलाच एक स्वतंत्र पदार्थ. त्याच्या नावामागे हुआना मानुएला गोरिती यांची गोष्ट सांगतात. साल्त्याच्या या लेखिका १८३१ मध्ये राजकीय कारणाने कुटुंबासह बोलिव्हियात गेल्या. त्यांच्या घरातले एम्पानाडे लोक "साल्तेन्याचे", म्हणजे साल्त्याच्या बाईचे, म्हणू लागले, अशी आख्यायिका आहे. कागदोपत्री पुरावा मानू नये, पण बोलिव्हियात ती घरोघरी माहीत असते.

त्याची पारी किंचित गोड आणि लालसर, मुरड माथ्यावर उभी वेणीसारखी. आत मांस नाहीतर कोंबडी, बटाटा, वाटाणा, अंडं, ऑलिव्ह आणि तांबडा रस्सा. हा रस्सा आत जातो कसा? सारणात जिलेटिन घालून किंवा पायाचं सूप वापरून ते थंडीत घट्ट जमवतात. घट्ट वडीसारखं झालेलं सारण पारीत भरतात, भट्टीत ते वितळतं.

खायची रीत अशी: उभा धरायचा, वरचं टोक चावून छोटं भोक पाडायचं, आधी रस्सा ओढून घ्यायचा, मग खाली खाली खात जायचं. बशीत एक थेंब पडला नाही तर शाबासकी. वेळही ठरलेली, सकाळी दहा ते बारा. दुपारी गेलात तर संपलेला असतो, आणि संध्याकाळी गरम करून देणाऱ्याकडे मी जात नाही.

मक्याचे एम्पानाडे कोणत्या देशाचे?

प्रामुख्याने कोलंबिया आणि व्हेनेझुएलाचे. दोन्ही तळलेले, पण हातात घेतल्यावर फरक कळतो.

कोलंबियाचा लहान, पिवळा आणि कुरकुरीत. आत कुस्करलेला बटाटा आणि थोडं मांस. सोबत "आही" म्हणजे कोथिंबीर, कांद्याची पात, मिरची आणि व्हिनेगरची पातळ चटणी. ती एका घासाला एक चमचा अशी घालायची असते. नैऋत्येकडच्या पोपायान शहराचे "पिपियान" एम्पानाडे यात सर्वांत नाजूक. सारण बटाटा आणि भाजलेल्या शेंगदाण्याच्या कुटाचं, वर शेंगदाण्याचीच तिखट चटणी. शेंगदाण्याच्या कुटावर वाढलेल्या आपल्या लोकांना पहिल्याच घासात आवडतो असा माझा अनुभव आहे. २००५ मध्ये युनेस्कोने पाककलेचं शहर म्हणून पोपायानची निवड केली होती.

व्हेनेझुएलाचा मोठा आणि जाडसर, मक्याच्या आधी शिजवून केलेल्या पिठाचा. हे पीठ १९६० पासून पाकिटात मिळू लागलं आणि घरोघरी पोचलं. करताना बघा: प्लॅस्टिकच्या कागदावर पिठाचा गोळा थापतात, सारण ठेवतात, कागदासकट अर्धा मिटतात, वाटीच्या कडेने दाबून जादा पीठ कापतात आणि तसाच तेलात सोडतात. मुरड नसते. पिठात चिमूटभर गूळ घालतात, त्याने तळताना सोनेरी रंग येतो. सारणात दोऱ्यासारखं सुटलेलं मांस, पांढरं चीज, काळा घेवडा आणि चीज असं जोडीने, किंवा मार्गारिता बेटावर "कासोन" म्हणजे लहान मोरी मासा. तिकडे ही न्याहारी. गेल्या काही वर्षांत ७० लाखांहून अधिक लोकांनी व्हेनेझुएला सोडला, त्यामुळे आज माद्रिदपासून लिमापर्यंत कुठेही हा एम्पानाडा मिळतो. ज्या परिस्थितीत तो तिथवर पोचला ती दुःखाची आहे. विकणाऱ्याशी दोन शब्द आपुलकीने बोला.

इक्वेडोर, पेरू, फिलिपिन्स?

इक्वेडोरचा "व्येंतो" तळताना टम्म फुगतो. आत चीज, वरून साखर. कच्च्या केळ्याच्या पारीचाही तिथलाच. पेरूचा भाजलेला, वर पिठीसाखर आणि लिंबू. फिलिपिन्समध्ये स्पॅनिश सत्ता तीन शतकांहून जास्त होती, त्यामुळे तिथेही हे घराणं आहे. इलोकोस भागातला नारिंगी रंगाचा, तांदळाच्या पिठाचा, आत कच्ची पपई, अंडं आणि सॉसेज. मनिलाकडचा मैद्याचा, गोडसर, कोंबडीचा.

मी राहतो तिथे शोधू कुठे?

न्यूयॉर्क-न्यू जर्सीकरांना सर्वांत सोपं. किराण्यासाठी क्वीन्समधल्या जॅक्सन हाइट्सला ७४व्या रस्त्यावर जाता, तिथून रूझवेल्ट अव्हेन्यूकडे वळा. कोलंबिया आणि इक्वेडोरची दुकानं आणि हातगाड्या लागतात. हडसन नदीच्या अलीकडे, न्यू जर्सीत, युनियन सिटी आणि वेस्ट न्यूयॉर्कमधून जाणारा बर्गनलाइन अव्हेन्यू. बोलिव्हियाचा साल्तेन्या हवा तर वॉशिंग्टनजवळ उत्तर व्हर्जिनिया, आर्लिंग्टनच्या बाजूला. अमेरिकेतली बोलिव्हियन वस्ती तिथे मोठी आहे. फ्लोरिडात व्हेनेझुएलासाठी डोराल.

लंडनमध्ये कोलंबियन मंडळी सेव्हन सिस्टर्स आणि एलिफंट अँड कॅसल भागात. दुबईत करामा-सातवाकडे फिलिपिनो बेकऱ्या आहेत, तिथे मिळतो तो मनिलाचा गोडसर. साल्त्याची अपेक्षा ठेवून जाऊ नका.

दुकान सापडलं नाही तर कॅलेंडर बघा. अर्जेंटिनाचे २५ मे आणि ९ जुलै, व्हेनेझुएलाचा ५ जुलै, कोलंबियाचा २० जुलै, बोलिव्हियाचा ६ ऑगस्ट. या दिवसांच्या आसपास त्या त्या देशाची मंडळं कार्यक्रम करतात आणि घरी केलेले एम्पानाडे विकायला ठेवतात. रविवारची फुटबॉलची मैदानं आणि स्पॅनिश प्रार्थनेनंतरचं चर्चचं आवार याही जागा बघाव्या. मला सगळ्यात चांगले एम्पानाडे बहुतेक वेळा अशाच ठिकाणी मिळाले आहेत, थर्मासच्या पेटीतून, फडक्यात गुंडाळलेले.

दुकान चांगलं आहे हे आत शिरल्यावर कसं ओळखायचं?

यादी आखूड असावी. चार-पाच सारणं, तीही एका भागातली. तीस प्रकार असतील, त्यात टिक्का आणि बार्बेक्यूही असेल, तर सारणं बहुधा गोठवलेली येतात.

एक घ्या आणि मधोमध तोडा. मांसाचे तुकडे वेगळे दिसायला हवेत, लगदा नको. तळाची पारी बघा. भाजकी असेल तर खाली तपकिरी ठिपके आणि कोरडी हवी. ओली, पांढरी राहिली असेल तर सारण गरम असताना भरलं किंवा भट्टी पुरेशी तापली नव्हती. आत पोकळी मोठी आणि सारण कोपऱ्यात असेल तर हात आखडता घेतलाय. मक्याचा तळलेला असेल तर बोटांना तेल लागतं पण घासात तेल जाणवत नाही.

मी शाकाहारी आहे. मला काय चालेल?

सारण सोपं आहे, पारीकडे लक्ष द्या. अर्जेंटिनात मैद्याच्या पारीत पारंपरिक मोहन गुराच्या चरबीचं असतं, चिलीत बऱ्याचदा डुकराच्या. मक्याच्या सारणाचा "उमिता" एम्पानाडा दिसायला शाकाहारी, पण पारी तीच. इथे एक गोष्ट पाठ करा: अर्जेंटिनात "मान्तेका" म्हणजे लोणी, आणि चिली, कोलंबिया, व्हेनेझुएलात चरबी. नुसतं नाव ऐकून हो म्हणू नका, "दे आनिमाल?" म्हणजे प्राण्याची का, असं स्पष्ट विचारा. साल्तेन्याचा भाजीचा प्रकार मिळतो, पण रस्सा कशाने जमवला ते विचारल्याशिवाय घेऊ नका.

निर्धास्त खाता येईल असा व्हेनेझुएलाचा काळ्या घेवड्याचा किंवा चीजचा. मक्याच्या पिठात चरबी लागत नाही. घेवडा मांसाबरोबर शिजवलेला नाही एवढी खात्री करा. तेल मात्र सगळ्यांचं एकच असतं. ते चालणार नसेल तर घरी करणं बरं.

महाराष्ट्रात राहून घरी करायचा तर?

जमतो, आणि छान जमतो. बैलाचं मांस महाराष्ट्रात २०१५ पासून बंद आहे. बरेच जण मुळातच गोमांस खात नाहीत. मटण घ्या, मांडीचं, बिनहाडाचं, आणि खिमा न करता खाटकाकडून लहान तुकडे करून आणून घरी सुरीने बारीक कापा. वेळ लागतो, पण सगळी गंमत त्या कापण्यात आहे.

पारीसाठी अर्धा किलो मैद्याला साधारण १०० ते १२५ ग्रॅम घट्ट साजूक तूप चोळून, कोमट मिठाच्या पाण्याने घट्टसर भिजवा. अर्धा तास झाकून ठेवा. सारणाला मांसाइतकाच कांदा तुपात मऊ करा, मांस घाला, रंग बदलला की आच बंद. मग जिरंपूड आणि पाप्रिकेऐवजी काश्मिरी मिरचीची पूड. ती तापलेल्या तुपात टाकली तर करपून कडू होते, म्हणून शेवटी. उकडलेला बटाटा आणि कांद्याची पात घालून रात्रभर फ्रिजमध्ये. सकाळी तूप गोठून सारण घट्ट झालेलं असेल. तसंच भरा, गरम करू नका. गोठलेलं तूप पारी भिजवत नाही आणि ओव्हनमध्ये वितळून रस होतं. वर अंड्याचा हात फिरवून २२० अंशांवर पंधरा-अठरा मिनिटं. ओव्हन आधी चांगला तापू द्या.

मुरडीबद्दल सांगायला नको. ज्यांच्या घरी दिवाळीच्या करंज्यांना हाताने मुरड घालणारी आजी किंवा काकू आहे त्यांनी तिलाच बसवावं.

गोव्यात याचं कुणी नात्यातलं आहे का?

आहे. पोर्तुगीजांबरोबर आलेले "रिसॉइश", गोव्यात रिसॉल म्हणतात ते. अर्धगोल, आत कोळंबीचं पांढऱ्या सॉसमधलं सारण, वर पावाचा चुरा, तळलेले. ख्रिस्ती घरांत लग्नसमारंभाला हमखास असतात. एम्पानाड्याची भूक लागली आणि तुम्ही पणजी-मडगावात असाल, तर आधी ते खा.

बरोबर चिमिचुर्री हवीच ना?

नको. चिमिचुर्री ही निखाऱ्यावरच्या मांसाबरोबरची हिरवी चटणी. परदेशातल्या दुकानांनी ती एम्पानाड्याला जोडली. साल्त्याला टोमॅटो-मिरचीची वाटलेली "याख्वा", तुकुमानला लिंबू, व्हेनेझुएलाला लसूण आणि अॅव्होकॅडोची "वासाकाका". मेंदोसाच्याला काहीच लागत नाही.

उरलेले दुसऱ्या दिवशी कसे गरम करायचे? आणि भारतातून किंवा तिकडून नेता येतील का?

मायक्रोवेव्हमध्ये पारी चिवट होते. ओव्हन किंवा एअर फ्रायर १८० अंशांवर आठ-दहा मिनिटं, फ्रिजमधून काढून थेट. मक्याच्याला तेच, थोडा कमी वेळ. साठवायचे असतील तर भाजण्याआधी कच्चेच गोठवा आणि न वितळवता ओव्हनमध्ये घाला, पाच मिनिटं जास्त द्या. विमानातून मांसाचे नेऊ नका. युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्या प्रवाशांना मांस आणि दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे, अमेरिकेतही मांसावर कडक निर्बंध आहेत. विमानतळावर ते काढून घेतात.